उसातला उंदीर आणि पिंजऱ्यातली भीती

राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पट्ट्यात उसाला आणि गव्हाला उंदरांचा उपद्रव जुनाच आहे. त्यावरच्या उपायातली एक पायरी मात्र विचार करण्याजोगी आहे. झिंक फॉस्फाईड वापरण्याआधी दोन-तीन दिवस तेल लावलेला बिनविषारी भरडा बिळांपाशी ठेवायचा. मग 96 भाग भरडा, 2 भाग तेल आणि 2 भाग विष असे आमिष मांडायचे. असे का, तर उंदीर अनोळखी गोष्टीला बिचकतो. शिवाय अर्धवट मात्रा खाऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. शेतकऱ्याला सकाळी दोन्ही वेळा एकच दिसते: आमिष जसेच्या तसे पडलेले. पण पहिल्या बिचकण्यात उपजत भाग मोठा आहे, तर दुसरे बिचकणे एका घासात शिकलेले आहे. भीतीचे जनुक शोधणाऱ्या संशोधनापुढची खरी अडचण इथेच आहे. तिथेही मोजले जाते ते वागणे, आणि एकाच वागण्यामागे अनेक कारणे दडलेली असतात.

प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर हा तपकिरी उंदराचा वंशज. आपल्या शेतातले उंदीर बहुतांशी वेगळ्या जातींचे. पण त्या तपकिरी उंदराचीही रानटी आणि पाळीव रूपे शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंदीर-नियंत्रणाचे काम केलेल्या एस. ए. बार्नेट यांना असे आढळले, की ओळखीच्या जागी एखादी नवी वस्तू ठेवली तर रानटी उंदीर ती टाळतो आणि पांढरा उंदीर तिच्याकडे चालत जातो. विषाच्या चवीचा धडा पांढरा उंदीरही घेतो. नव्याचा धसका तेवढा त्याच्यात उरलेला नाही. हाताळायला सोपे तेच पिढ्यान्‌पिढ्या पैदाशीला ठेवल्याचा हा परिणाम. म्हणजे ज्या प्राण्यातून भीतीचा एक अख्खा प्रकार गाळला गेला आहे, त्याच्याच आधारे आपण भीतीचे जनुकशास्त्र मांडतो.

भीतीला आनुवंशिक पायाच नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. जॉन डीफ्राइस यांनी अमेरिकेत लहान उंदरांच्या तीस पिढ्यांची निवड पैदास केली. लख्ख उजेडाच्या मोकळ्या चौकटीत पुष्कळ फिरणारे एकीकडे आणि दबकून बसणारे दुसरीकडे, असे वेगळे वंशच त्यातून तयार झाले. आनुवंशिकतेचा याहून ठसठशीत पुरावा मिळणे कठीण. गंमत अशी, की दबकणाऱ्या उंदरांत पांढरे अधिक होते. 1966 साली डीफ्राइस आणि सहकाऱ्यांनीच दाखवले, की या भेदाचा काही वाटा रंग नाहीसा करणाऱ्या जनुकाचा आहे: रंगद्रव्य नसलेल्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. तांबडा दिवा लावला की तो वाटा बराचसा मावळतो. जनुक खरे, परिणामही खरा. पण त्याला भित्रेपणाचे जनुक म्हणणे म्हणजे दिव्याचा दोष उंदराच्या स्वभावावर ढकलणे झाले.

यावर उत्तर ठरलेले असते: परिस्थिती काटेकोर सारखी ठेवा, म्हणजे उरेल ते जनुकांचे. जॉन क्रॅब आणि सहकाऱ्यांनी नेमके तेच करून पाहिले. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात पोर्टलंड, ऑल्बनी आणि एडमंटन इथे तेच वाण, तीच उपकरणे आणि शक्य तितकी तीच दिनचर्या होती. दारूची आवड तिन्हीकडे जवळपास सारखी निघाली; पण बेचैनी मोजणाऱ्या उंचावरच्या, अधिक-चिन्हाच्या आकाराच्या मार्गिकेवरील चाचणीत प्रयोगशाळेगणिक निकाल बदलले. दारूच्या ओढीपेक्षा भीती जागेला अधिक संवेदनशील असावी, यात नवल नाही. भोवतालचा धोका हेरणे हेच तर तिचे काम. त्यात आईचीही भर पडते. मॉन्ट्रियलमध्ये मायकेल मीनी यांच्या गटाला दिसले, की पिल्लांना फारसे न चाटणाऱ्या आईची पिल्ले भरपूर चाटणाऱ्या मादीकडे वाढवली तर मोठेपणी ती कमी भित्री होतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने पिल्लांची आईपासून ताटातूट केल्यावर मेंदूतल्या सेरोटोनिनच्या यंत्रणेत काय बदलते, यावर काम केले आहे. इथे जनुकांचे महत्त्व कमी होत नाही. ती कधी, कुणाच्या सान्निध्यात कामाला लागतात, हा प्रश्न उभा राहतो.

खरा भक्कम आक्षेप वेगळाच आहे. रानटी उंदीर चावतो, पिंजऱ्यात नीट वाढत नाही, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाही. औषधाची चाचणी अशा प्राण्यावर घ्यायची कशी? हे मान्य करावेच लागेल. एखादे औषध बेचैनी उतरवते का, एवढाच प्रश्न असेल तर एकजिनसी वाणच हवा. उसातल्या उंदराचा तिथे उपयोग नाही. पण त्याच वाणावरून माणसाच्या भित्रेपणाचा वारसा सांगायचा झाला, तर वाणाच्या नावाबरोबर दिवा कोणता होता, पिल्लू कोणत्या आईकडे वाढले आणि निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत टिकला का, हेही सांगायला हवे. आणि नव्याचा धसका हाच अभ्यासाचा विषय असेल, तर चावऱ्या रानटी उंदराला टाळून चालायचे नाही.