आशेची खरेदी

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कोराडीत टूना माशावरून वाद व्हावा, ही गोष्ट वाचकांना गमतीची वाटेल. आपल्या भागातील तलावांत रोहू-कतला मिळतात. टूना, म्हणजे कोकणपट्टीत ज्याला गेदर किंवा कुपा म्हणतात तो मासा, आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलाही नसेल. तथापि सुटीत गोव्यास गेलेल्या आपल्याच दोन कुटुंबांनी गळाने मासेमारी करण्यासाठी दिवसभराकरिता एक होडी भाड्याने घेतली आणि ती मंडळी हात हलवीत परतली. मिस्सेनंतर चर्चच्या पटांगणात प्रश्न निघाला : मासा लागलाच नाही, तर तांडेलाने निम्मे पैसे परत करायला नकोत का?

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्या दिवशी काय घडले, असे विचारले तर ‘काहीच नाही’ हे उत्तर मिळते. परंतु ते खरे नव्हे. टूना हा न थांबणारा मासा. पोहत राहिला तरच त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहते आणि त्याला श्वास मिळतो. त्यामुळे काल होता तेथे तो आज असेलच असे नाही. तो लहान माशांना खालून वर रेटतो, तेव्हा त्यांच्यावर समुद्रपक्षी झेपावतात. तांडेलाची नजर या पक्ष्यांवरच असते. त्या दिवशी पक्षी दिसले नाहीत. तांडेलाने दिशा बदलली, गळाची आमिषे बदलली, डिझेल जाळले. काम पुरते झाले, मासा तेवढा झाला नाही.

सेमिनरीत शिकत असताना रोमन कायद्यातील एक नाजूक भेद आमच्या कानांवर पडला होता. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायजेस्ट’ या ग्रंथात जुन्या विधिज्ञांनी कोळ्याचेच उदाहरण घेतले आहे. कोळ्याच्या जाळ्याची पुढची फेक कोणी आधीच विकत घेतली आणि जाळे रिकामे वर आले, तर किंमत द्यावी लागते काय? द्यावी लागते, असे त्यांचे मत. कारण घेणाऱ्याने मासा नव्हे, तर आशा खरेदी केलेली असते. होडी भाड्याने घेणाऱ्याचा व्यवहार याच जातीचा आहे. तांडेलाने कसूर केली असती तर गोष्ट वेगळी. कष्ट करूनही फळ न मिळणे ही कसूर नव्हे.

(ओघाने सांगतो : मिस्सेच्या हेतूसाठी अर्पण देणाऱ्या काही बंधुभगिनी पुढे आम्हांस विचारतात, ‘फादर, काम तर झाले नाही!’ तेथे तर आशेची खरेदीसुद्धा नाही. मिस्सेच्या अर्पणात व्यापाराचा भासदेखील असू नये, असे १९८३ ची धर्मसंहिता बजावते.)

परंतु भाडेकऱ्याने पैसे चुकते केले म्हणजे प्रश्न मिटला, असे आम्हांस वाटत नाही. खरा प्रश्न होडीच्या आत आहे. रिकाम्या दिवसाचे ओझे कोणी वाहायचे? किनाऱ्यावर अनेक होड्यांवर वाट्याची पद्धत चालत आली आहे : डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा करून उरलेल्या पैशाचे मालक आणि खलाशी यांच्यात वाटे पडतात. मासा आला तर ही पद्धत न्यायाची. न आला तर खलाशाच्या वाट्याला शून्य. रत्नागिरीच्या होड्यांवर पार नेपाळहून आलेले खलाशी असतात. शिवाय १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक होड्यांना बंदीच असते. माशांची वीण सांभाळण्यासाठी ती योग्यच आहे. पण खलाशाच्या पोटाला बंदी नसते.

यासाठी किनाऱ्यापर्यंत जाण्याचेही कारण नाही. नागपूरच्या ठिय्यावर सकाळी डबा घेऊन उभा राहिलेला आणि दहा-अकरा वाजता तसाच घरी परतणारा मजूर आपण रोज पाहतो. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या धन्याने अशांनाच दिवस कलताना कामावर घेतले आणि पूर्ण दिवसाची मजुरी दिली. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात सांगितले, की उभयतांनी कबूल केलेली मजुरी तेवढ्यानेच न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट तिच्यात भागले पाहिजे. मग ज्या दिवशी मासा नाही, त्या दिवशीचे पोट? आमच्या मते ज्याच्या घरी कणगी आहे, त्याने रिकामा दिवस सोसावा; मालकाने, आणि थोडाफार भाडेकऱ्यानेही. म्हणून त्या दोन कुटुंबांना आम्ही इतकेच विचारले, की होडीवरच्या पोऱ्याला त्या दिवसाचे काय मिळाले? कोणासच ठाऊक नव्हते.

पेत्राच्या रात्रभर रिकाम्या राहिलेल्या जाळ्यांवर आपण पुष्कळ प्रवचने ऐकतो, आणि सारे जण घाईघाईने फाटू लागलेल्या जाळ्यांपाशी पोहोचतो. संत मार्क मात्र एक लहानसा तपशील देतात : याकोब व योहान प्रभूमागे निघाले, तेव्हा त्यांचा बाप जब्दी मजुरांसह होडीत राहिला. म्हणजे त्या होडीवर मजुरीची माणसे होती. गालील सरोवरावर जाळे रिकामे आले, त्या रात्रींची त्यांची मजुरी जब्दीने दिली की नाही, हे संत मार्क सांगत नाहीत.