पाण्याखालचे गाव

शिबिराचा तंबू ठोकून एक दिवस भिगवणला जावे, नावेतून उजनी जलाशयावरचे रोहित पक्षी पाहावेत, मासळीचे जेवण करून परतावे. यात दोष काहीच नाही. पण एवढेच पाहणे पुरेसे आहे का?

भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि कित्येक गावे, शेते पाण्याखाली गेली. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ आजही वर येते. आपण सोलापूरकर हेच पाणी पितो. त्या लोकांनी ‘त्याग’ केला, असे आपण सहज म्हणतो. परंतु त्याग स्वखुशीने होतो. त्यांना तर कोणी विचारलेच नाही. म्हणून आपल्यावर उरते ते ऋण.

ऋण फेडण्याआधी ते ओळखावे लागते. पुढच्या सहलीत मुलांना पक्ष्यांची नावे जरूर शिकवा; सोबत तिथल्या एखाद्या वडीलधाऱ्याला विचारायलाही सांगा, “आजोबा, तुमचे जुने गाव कुठे होते?”