पागोळी

शेजारच्या काकूंची वाटी आमच्या घरातून कधी रिकामी परत गेली नाही. विरजण संपलं की आई त्यांच्याकडून चमचाभर दही आणायची, आणि दुसऱ्या दिवशी घासूनपुसून ठेवलेल्या त्या वाटीत साखर असायची, नाहीतर मूठभर शेंगदाणे, अगदीच काही नसलं तर एक लिंबू. वाटी पोचवायचं काम माझ्याकडे. "नुसतीच देऊन येऊ का?" असं मी एकदा घाईत विचारलं, तेव्हा आई काही न बोलता माझ्याकडे बघत राहिली होती.

मी दिवसा एका पतसंस्थेत हिशेब बघतो आणि रात्री जेवणं आटोपली की कॉम्प्युटरवर खेळ बनवतो. विकण्यासाठी नाही. खेळ म्हटलं की लोक विचारतात, मारामारी आहे का, गाड्या आहेत का. माझ्या खेळात यातलं काही नाही. एक वाडा आहे, रात्र आहे आणि पाऊस आहे. कंदील घेतलेला एक मुलगा चौकातून ओसरीवर, ओसरीवरून माजघरात, तिथून जिन्यानं माडीवर असा नुसता फिरतो. गुण नाहीत, शत्रू नाही, जिंकणं-हरणं नाही. पुण्याच्या नारायण पेठेतला आजीचा वाडा मी अकरा वर्षांचा असताना पाडला गेला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या दिवशी पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण तिथल्या भिंतीवर होती, माझ्या डोक्याच्या बरीच वर. ती खूण आमच्याकडच्या एकाही फोटोत नाही. ती कुणाला तरी दाखवावी, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

असा खेळ असू शकतो हे मला 'युमे निक्की'मुळे कळलं. किकियामा या टोपणनावाच्या कुणा जपानी हौशी माणसानं तो २००४ साली आरपीजी मेकर २००३ या साधनात बनवला आणि फुकट वाटला. किकियामा कोण, हे जगाला आजही माहीत नाही. नावाचा अर्थ 'स्वप्नांची रोजनिशी'. मादोत्सुकी नावाची मुलगी खोलीत एकटी आहे आणि काही केल्या बाहेर पडत नाही. दाराशी नेलं की नकारार्थी मान हलवते. मग उरतो पलंग. ती झोपते, आणि स्वप्नात तिच्याभोवती बारा दारं उभी राहतात. एका दारामागे बर्फ, एकामागे आकडे, एकामागे डोळे, एकामागे अंधारातल्या मेणबत्त्या. कुणी तिच्याशी बोलत नाही, कुठं जायचं ते सांगत नाही. एका घरात दिव्याचं बटण आहे. ते दाबलं की चौसष्टांत एखाद्या वेळी असं काही समोर येतं, की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्ची मागे सरकवून उठलो होतो. नकोसं झालं की स्वतःचा गाल चिमटायचा, की जाग येते. पडदा केवढा, तर ३२० बाय २४० ठिपक्यांचा, आणि सगळी दुनिया १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकटी जोडून उभी केलेली. इतक्या थोडक्यात इतकं एकटेपण मावू शकतं, तर आपला वाडाही मावेल, असं वाटलं. मी त्याच साधनात, त्याच मापात बसलो.

सहा वर्षं बसलो.

त्यातली शेवटची तीन वर्षं दर रविवारी एरंडवण्यात माझ्यासारख्या हौशी खेळ बनवणाऱ्यांकडे जात होतो. त्यांच्यातल्या एकीची आई घरात शिकवण्या घेते. रविवारी ती खोली मोकळी असते. तिथं सातआठ जण जमायचे. आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी, इंजिनिअरिंगचा एक मुलगा, आणि साताऱ्याहून एसटीनं येणारे एक शाळामास्तर, आमचे सर, ज्यांना आवाज गोळा करायचा नाद. सतरंजीवर लॅपटॉप, मधे चिवड्याचं पातेलं. जो तो आपलं आणलेलं मांडायचा: ढगांचे तुकडे, पडक्या भिंती, दार करकरण्याचे आवाज, 'अशी एक खोली करावी जिथं मागे वळलं की दार नसेल' असल्या कल्पना. ज्याला जे लागेल ते त्यानं न्यावं, कुणाचं ते शेवटी लिहावं, एवढाच नियम.

माझी बॅग मात्र मांडीवर असायची. वाडा कुणी उचलला तर? मी अजून पुरा केला नाही आणि दुसऱ्यानंच चौक, ओसरी, पुराची खूण घेऊन काही उभं केलं तर? बघायला मी सगळ्यांचं बघायचो. चिवडाही खायचो.

सर बोलायला लागले की खोली शांत व्हायची. किकियामाचा खेळ ज्यांच्या मनातून जाईना, अशा लोकांनी २००७ साली 'युमे २क्की' सुरू केला, तो त्यांनीच आम्हाला सांगितला. त्याला एक मालक नाही. एकानं एक जग काढायचं, दुसऱ्यानं दुसरं, आणि मधे दार बसवायचं. "वाकळ आहे हो ती," सर म्हणाले. "कुणाच्या लुगड्याचा तुकडा, कुणाच्या सदऱ्याचा. शेकडो जगं झाली, अजून टाका घालणं चालूच आहे." त्याच्याही आधीचा, १९९८ चा, प्लेस्टेशनवरचा 'एलएसडी' त्यांना फार प्रिय. ओसामु सातो यांनी तो केला, पण त्यातली स्वप्नं खेळ काढणाऱ्या कंपनीतल्या हिरोको निशिकावा यांची. त्या वर्षानुवर्षं उठल्या उठल्या स्वप्न लिहून ठेवायच्या. "बाईंनी स्वतःची स्वप्नं दिली," सर म्हणाले आणि थांबले. मी बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत होतो.

त्या दिवशी निघताना मी क्षणभर लॅपटॉप उघडला, तर ती आर्किटेक्चरची मुलगी माझ्या खांद्यावरून पडद्यावर डोकावली. मी चटकन लॅपटॉप मिटला, पण तिला जे दिसायचं ते दिसलं होतं.

"दादा, ती पागोळी काय सुंदर आहे! मला द्याल का? माझ्या खेळात कौलं आहेत आणि पाऊस कोरडा वाटतोय."

पागोळी म्हणजे कौलाच्या कडेवरून ओघळणारी धार, पण पाऊस ओसरल्यावर ती थेंबाथेंबानं पडते, आणि मला तीच हवी होती. कडेला थेंब जमतो, फुगतो, लांबतो, सुटतो, आणि खाली दगडावर दोन ठिपके होऊन फुटतो. चित्रं पाचच. पण सुटण्याआधी थेंब एक क्षण अडखळतो, जणू त्याला जायचं नसतं. तो अडखळ साधायला मला अकरा रात्री लागल्या होत्या. नाही म्हणायला तोंड उघडेना, म्हणून दिली. तिच्या पेनड्राइव्हवर ती पाच चित्रं टाकताना मी बाकीचे फोल्डर उघडेसुद्धा ठेवले नाहीत.

गणपतीनंतर माझा वाडा पुरा झाला, म्हणजे मला तसं वाटलं. सर्वांत आधी आईला दाखवला. तिला किल्ल्या दाबायला शिकवल्या. ती सगळीकडे फिरली. पुराच्या खुणेपाशी थांबून म्हणाली, "हो, इथंच होती." माडीवर गेली, खाली आली, परत चौकात उभी राहिली. मग चष्मा काढत तिनं विचारलं,

"अरे, पण इथं राहतं कोण?"

"कोणी नाही. वाडाच आहे नुसता."

"हं," म्हणाली आणि भाजी निवडायला गेली. मला तिचा राग आला. तिला हे खेळ कळणार कसे, असं मी स्वतःला सांगितलं. तरी त्या रात्री मीच तीन वेळा वाड्यातून फिरून आलो, आणि तिन्ही वेळा तो मला प्रदर्शनात काचेमागे ठेवलेल्या वस्तूसारखा दिसला.

पुढच्या रविवारी इंजिनिअरिंगच्या मुलानं गोडॉट या दुसऱ्या साधनात केलेला छोटासा खेळ लावला. एका चाळीचा मागचा व्हरांडा. वरून माझी पागोळी पडत होती. तोच अडखळ. मुलीनं ती त्याला दिली होती, माझं नाव शेवटी लिहिलं होतं, नियमाप्रमाणे सगळं रीतसर. आणि खाली, जिथं दगडावर थेंब फुटायचा, तिथं त्यानं एक पत्र्याची बादली ठेवली होती.

मी उठून निघालो. "काम आहे" म्हणालो. खाली उतरताना हात थरथरत होते. माझी पागोळी, माझ्या अकरा रात्री, आणि हा पोरगा खाली बादली लावून मोकळा.

बाहेर सर उभे होते, एसटीला वेळ होता म्हणून. त्यांनी काही विचारलं नाही. कानातला इअरफोन काढून मला दिला आणि म्हणाले, "बादलीचे आवाज मी दिलेत त्याला. ऐका जरा."

मी ऐकलं. रिकाम्या बादलीत पहिला थेंब पडला: टण्ण. पत्रा नुसता थरारला. मग टण्, टण्. तळाशी पाणी साचलं तशी ती धातूची धार बोथट झाली: टक. टप्. मधे कुठंतरी पत्रा ऐकू यायचा थांबला आणि पाणी ऐकू यायला लागलं: टुप्. शेवटी काठोकाठ भरलेल्या बादलीत थेंब पडला तो जड, गोल, खोलातून आल्यासारखा: डुबुक. सरांनी घरच्या पडवीत बादली ठेवून अख्खी एक रात्र जागून हे सात टप्प्यांत टिपलं होतं. खेळात माणूस त्या बादलीजवळ जितका वेळ उभा राहील तितकी ती भरत जाते. निघून गेला तर गेला.

मी कानाला लावून रस्त्यावर उभाच राहिलो. आजीच्या चौकात बादली असायची. पागोळीखाली घंगाळ, बादली, पातेली, जे हाताशी येईल ते लावलेलं असायचं. ते पाणी धुण्याला जायचं. मी कौलं काढली, कडीपाट काढला, पुराची खूण बरोबर उंचीवर काढली, आणि सहा वर्षांत ती बादली मला आठवली नाही. कुणी तरी ठेवलेली आणि कुणी तरी उचलायला येणार असलेली एक बादली. माणूस दिसावा लागत नाही. त्याची वाट बघणारी वस्तू दिसली की पुरे. वातावरण वातावरण म्हणून आम्ही जे म्हणतो, आणि ज्यासाठी रात्ररात्र धुकं आणि सावल्या रंगवत बसतो, ते बहुतेक असल्याच वस्तूंमध्ये असतं.

मी जिना चढून परत वर गेलो. चिवडा संपत आला होता.

"बादली घेऊ का रे तुझी?" मी त्या मुलाला विचारलं.

तो गोंधळला. "दादा, विचारताय काय? तुमची पागोळी होती म्हणून तर बादली सुचली."

मी बॅग उघडली. वाड्याचा अख्खा फोल्डर, चौक, ओसरी, जिना, कंदील, पुराची खूण, सगळं सतरंजीवरच्या त्या लॅपटॉपांमध्ये गेलं. मुलगी तिथल्या तिथं जिना मोठा करून बघायला लागली आणि म्हणाली, "दादा, पायऱ्या इतक्या एकसारख्या नसतात. मधली झिजलेली असते." खरंच असते.

दोन आठवड्यांनी आईला परत बसवलं. ती चौकात आली. पागोळीखाली बादली होती. आईनं पुढं जायची किल्ली दाबलीच नाही. टण्ण, टण्, टक. हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली, पाच मिनिटं, सात मिनिटं. मी पाठीमागे उभा होतो. डुबुक आला तशी ती पुढं झुकली आणि एकेक किल्ली दाबून बघायला लागली.

"काय हवंय?"

"भरली ना. उचलायला नको? वाहून जाईल सगळं."

बादली उचलायची सोय मी केलीच नव्हती. मुलाची वाकण्याची चित्रं नव्हती, भरलेल्या बादलीनं एका बाजूला कलून चालण्याची नव्हती. एरवी मी दार लावून घेतलं असतं आणि पुढचे दोन महिने एकट्यानं ती काढली असती. त्या रात्री अकरा वाजता सगळ्यांना लिहिलं: बादली उचलायचीय, चित्रं कोण काढतंय?

सकाळी उठलो तर तीन जणांची आली होती. मुलीच्या चित्रांत कंदील आधी खाली ठेवला होता, कारण बादलीला दोन्ही हात लागतात. सरांनी चित्र नव्हे, आवाज पाठवला होता. मी लावला. बादलीची कडी वर उचलली जाताना खणकन वाजली, पाणी काठावर हिंदकळलं, आणि पाठीमागे, त्यांच्या साताऱ्याच्या घरातून, कुणीतरी हाक मारत होतं, "अहो, चहा निवतोय." ते त्यांनी कापलं नव्हतं. मीही नाही कापलं.