न दिसणारे दुखणे



हात मोडला की प्लास्टर दिसते. आतड्याचे दुखणे कोणाला दिसते? अर्धापूरहून एस.टी.ने नांदेडला जायचे म्हटले तरी अशा रुग्णाला धास्ती वाटते, वाटेत शौचाला लागले तर? केळीच्या बागेत तो दिवसभर काम करू शकत नाही, तेव्हा लोक म्हणतात, "कामचुकार आहे." पंगतीत आग्रह नाकारतो, तर म्हणतात, "नखरे करतो."

आतड्याच्या या जुनाट दाहाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. क्रोन्सचा आजार पचनमार्गात कोठेही होऊ शकतो. हे आजार संसर्गजन्य नाहीत, म्हणून रुग्णाचे ताट वेगळे ठेवू नये. शौचातून रक्त पडले की आपण मूळव्याध समजून लाजेने गप्प बसतो. आपल्याकडे आतड्याचा क्षयही क्रोन्ससारखाच दिसतो. म्हणून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. औषधांनी आजार आटोक्यात राहतो, पण बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. जपानचे पंतप्रधान शिन्झो आबे यांनी २०२० साली कोलायटिस बळावल्यामुळे पद सोडले. त्यांना कोण कामचुकार म्हणेल?

मग प्रश्न उरतो : पुरावा मिळाल्यावरच माया करायची का? कोणी म्हणेल, काही जण सोंगही घेतात. खरे आहे. पण विश्वास ठेवून आपण फसलो, तर थोडे काम बुडेल. अविश्वास दाखवून चुकलो, तर आजारी माणूस घरातच एकटा पडेल.

मार्कच्या शुभवर्तमानातील रक्तस्रावाने पीडित स्त्री बारा वर्षे वैद्यांकडे पैसा घालवून थकली होती. ती गर्दीत मागून, लपून आली. प्रभूने तिला पुरावा मागितला नाही. तिचे सारे ऐकून घेतले आणि तिला मुलगी म्हटले.

ख्रिस्तसभाही हेच शिकवते. पवित्र कम्युनियनपूर्वीच्या एक तासाच्या उपवासातून वृद्धांना, आजाऱ्यांना सूट आहे, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही. सेवा करणाराही थकतो, याची तिला जाणीव आहे.

आज मिस्साला कोणी दाराजवळच बसलेले दिसले, तर पुढे येण्याचा आग्रह करू नका. मिस्सा झाल्यावर त्याच्याजवळ जा, विचारपूस करा. नांदेडला डॉक्टरांकडे जायचे असेल, तर सोबत जा.