दरोडा आणि कर्जखत



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात देवगाव आहे. तिथल्या राघोजी भांगरे यांना आज आपण आद्य क्रांतिकारक म्हणतो. त्या काळच्या सरकारी कागदांत मात्र ते दरोडेखोर होते. १८४५ च्या सुमारास त्यांच्या टोळीने डोंगरभागातील सावकारांना लुटले, काहींची नाकेही कापली. सरकारने फौज मागे लावली, बक्षीस जाहीर केले. अखेर २ जानेवारी १८४८ रोजी गोसाव्याच्या वेशातील राघोजींना लेफ्टनंट गेल यांनी पंढरपूरला पकडले. २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

मग क्रांतिकारक की दरोडेखोर? लोक गुण गातात एवढ्यावरून हे ठरत नाही. अमेरिकेत जेसी जेम्स आगगाड्या लुटत असे, पिंकर्टन कंपनीचे गुप्तहेर त्याच्या मागावर होते, आणि लोकांनी त्याच्यावर गाणी रचली. गरिबांना त्याने काही वाटल्याचा पुरावा मात्र नाही. म्हणून गाऱ्हाणे खरे होते का, हे आधी पाहावे लागते. राघोजींच्या भागातले खरे होते. महादेव कोळ्यांच्या जमिनी कर्जापायी सावकाराच्या घशात जात होत्या, आणि कोर्टाला नुसता कागद पुरेसा होता.

सातवी आज्ञा आपल्याला पाठ आहे. तिचाच विचार करताना संत थॉमस अक्वायनस सांगतात की, जिवावर बेतलेल्या माणसाने दुसऱ्याकडचे जगण्यापुरते घेतले, तर ती चोरी नव्हे. (धर्मगुरूच्या लेखात हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल!) पण जगण्यापुरते म्हणजे तेवढेच. सावकाराचे नाक कापल्याने कोणाच्या तव्यावर भाकरी पडत नाही. राघोजींच्या बाजूने मी बरेच बोलेन, इथे मात्र अडतो.

१८७५ साली पारनेर, श्रीगोंदे भागातले शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख कर्जखतांवर होता. ती हिसकावून त्यांनी जाळली. माणसांना इजा फार थोडी झाली. मला हा फरक मोठा वाटतो. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती, हे तपासायला लावले.

राघोजींना हुडकायला सरकारला तीन-चार वर्षे पुरली. कर्जखताच्या मागे काय दडले आहे ते हुडकायला त्यांच्या फाशीनंतर ३१ वर्षे लागली.

आज २०१४ च्या सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. तरीही लग्नासाठी, दवाखान्यासाठी कोऱ्या कागदावर सह्या होतातच. कोणावर अशी वेळ आली असेल, तर सही करण्याआधी तो कागद घेऊन रविवारच्या मिस्सानंतर माझ्याकडे यावे. आपण मिळून वाचू.