भय हा दोष आहे काय?

शालान्त परीक्षा जवळ आली की आमच्या बेळगाव भागात घरोघरी एकच चिंता वावरू लागते. मुलांना झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, पाठ केलेले ऐन वेळी आठवत नाही. मग वडील मंडळी म्हणतात, "घाबरतोस कसला? एवढीही हिंमत नाही?" हे प्रेमापोटीच विचारले जाते, परंतु भय हा एक नैतिक दोष आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. ते आम्हांस मान्य नाही.

या दृष्टीने गीतेचा पहिला अध्याय पुन्हा वाचावा. (नित्य पाठ करणारेही तो भराभर उरकून पुढे जातात.) अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंगास कंप सुटतो, हातातून गांडीव गळते, मन भ्रमते. परीक्षागृहाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलाची अवस्था याहून फारशी निराळी नसते. अर्जुनाचा विषाद स्वजनांच्या वधाविषयी होता, गुणांविषयी नव्हता, हा भेद आम्ही विसरत नाही. तरी त्याला भ्याड कोण म्हणेल? त्या सबंध अध्यायात श्रीकृष्णाच्या मुखी एकच वाक्य आहे. एरवी तो ऐकत असतो. दुसऱ्याच्या आरंभी तो अर्जुनास दुर्बलतेबद्दल कठोर शब्दांत टोकतो खरा, पण त्याने काही साधत नाही. अर्जुन आपली व्यथा पुन्हा सांगतो आणि 'लढणार नाही' म्हणून गप्प होतो. उपदेशास प्रारंभ होतो तो त्यानंतर. आम्ही वडील मंडळी मात्र टोकण्यापाशीच थांबतो. आणि फलाची आसक्ती नको असे सायंकाळी वाचून रात्री मुलास गुण विचारतो!

हे दुःख थोड्यांचे नव्हे. 2022 साली एन.सी.ई.आर.टी.ने पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांतील 81 टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल ही चिंतेची कारणे सांगितली. कर्नाटकात 2024 पासून दहावीची परीक्षा एकाच वर्षात पुन्हा देऊन त्यांतील चांगले गुण राखता येतात. तरी घरातील बोलणे पहिल्याच निकालाभोवती फिरत राहते.

मुलाची झोप व अन्न पुष्कळ दिवस सुटले, अथवा जगणे नकोसे झाल्याची भाषा त्याच्या तोंडी आली, तर विलंब न लावता वैद्यकीय सल्ला घ्यावा. 2022 साली सुरू झालेली केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते. तेथे मराठीतही बोलता येते.