सही कोणाची, अंग कोणाचे?



मुरुमसारख्या गावात बाळंतीण मोकळी झाली की पहिला प्रश्न ठरलेला : मुलगा की मुलगी? पण एखादे बाळ असे जन्मते की डॉक्टरलाही चटकन सांगता येत नाही. मग कोणी जाणते नातेवाईक म्हणतात, "आताच शस्त्रक्रिया करून टाका, लेकराला काही आठवायचे नाही." संमतीचा कागद बापापुढे येतो. तुम्ही सही कराल काय?

आधी एक गोष्ट मनातून काढा. हे मागच्या जन्मीचे पाप नव्हे. पूर्वजन्मीच्या कर्माचा हिशेब बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. जुने घर सोडताना ती समजूत गाठोड्यात बांधून आणू नका. गर्भात अवयव घडताना अशी भिन्नता येते, एवढेच.

लघवीची वाट अडली असेल, जिवावर बेतले असेल, तर क्षणाचा विलंब नको. एका विकारात तान्ह्या बाळाच्या अंगातील मीठ लघवीवाटे जाते, उलट्या होतात, काही आठवड्यांत जीवही जातो. तेथे औषध हवे, तेही ताबडतोब. पण अंग केवळ चारचौघांसारखे दिसावे म्हणून सुरी? ती लाज बाळाची नसते, आपली असते.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललिता साळवे मुलगी म्हणून वाढल्या. 2018 साली मुंबईत, जाणत्या वयात, स्वतःच्या इच्छेने त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली व त्या ललित झाल्या. नाव बदलता आले. तान्हेपणीच कोणी 'मुलगी' पक्की करण्यासाठी कापाकापी केली असती, तर?

राहुलच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने मागणे केले की आईबापांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी ते मान्य केले. आईबापांच्या शब्दाला एवढा मान! पण चीवर जड झाले तर उतरवता येते; कापलेले अंग परत येत नाही. (त्याच विनयात अशा व्यक्तींना उपसंपदा नाकारली आहे, हेही लपवू नये.)

22 एप्रिल 2019 रोजी मद्रास उच्च न्यायालयाने सांगितले की आईबापांची संमती ही बाळाची संमती नव्हे. तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी, जिवावरचा प्रसंग वगळून, अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली.

गल्लीत राहायचे आहे, शाळेत नाव घालायचे आहे, पुढे लग्नाचे पाहायचे आहे. आईची ही धास्ती खोटी नाही. मुलगा म्हणा, मुलगी म्हणा, नाव ठेवा, वाढवा. त्याला सुरी लागत नाही. शेजारीण विचारील, तिला सांगा : बाळ दूध पिते, झोपते, बाकीचे मोठेपणी स्वतःच सांगेल.